काडीने उलटलेली पानं

९ ऑगस्ट

फुवोंग बाईंनी ही वही दिली. म्हणाल्या, "रोज लिही. कुठल्या गावी गेलीस, पोरं आली का, काय वाचून दाखवलंस. आणि मनातलंही लिही, ते मला दाखवू नकोस." मी म्हटलं, मनात काही नाही. त्या म्हणाल्या, "मग तसं लिही."

तर, मनात काही नाही.

काम सोपं आहे. तालुक्याच्या वाचन केंद्रातून झोळीत पुस्तकं भरायची, होडीने नदीवर वर जायचं, तीन गावांत पोरांना वाचून दाखवायचं आणि परत यायचं. हे काम दादाचं होतं. जूनमध्ये हादसांग गावाच्या खालच्या धारेत होडी उलटली आणि दादा बुडाला. हादसांगच्याच लोकांनी त्याला बाहेर काढलं. होडी धड सापडली. इंजिन उघडून गाळ काढला तर तेही दोरी दुसऱ्यांदा ओढताच सुरू झालं. चांगलं इंजिन आहे, जुनं असलं तरी.

मी तेव्हा सीमेपलीकडे थायलंडात नूडल्सच्या गाडीवर होते. त्याआधी केळीच्या मळ्यात, त्याआधी व्हिएन्तियानला मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात. शाळा सातवीत सुटली. मी घरी पोचले तोवर त्याला पुरूनही झालं होतं. पाण्यात गेलेल्याला आमच्याकडे जाळत नाहीत. त्याच्यासाठी मंडप नाही, जागरण नाही, रात्रभर पत्ते कुटणारे पाहुणे नाहीत. त्याच दिवशी पुरायचं, घरी येऊन पाय धुवायचे, संपलं. मला बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्याचा हिरवा रबरी कोट खुंटीला होता, तो मी घेतला, कारण पाऊस होता.

आई म्हणाली, "त्याच्या नावाने काहीतरी कर गं. निदान पाणी तरी सोड." मी म्हटलं, करू.

११ ऑगस्ट, हादसांग

पाणी चढलंय, तांबडं आहे. धारेतून येताना काही वाटतं का बघितलं. नाही वाटलं. एक माणूस काठाकाठाने आपल्या रेडकाला पोहायला शिकवत होता, त्याच्याकडे बघत बसले आणि इंजिन बंद पडलं तेही कळलं नाही. मागे वाहत गेले. रेडकू मात्र शिकलं.

घाटावर बायका कपडे धूत होत्या. मी दोर फेकला. कोणी धरला नाही, पाण्यात पडला. पुन्हा फेकला, पुन्हा पाण्यात. शेवटी मीच उडी मारून होडी बांधली. काठावरची पोरं धूम पळाली. माझे केस अर्धे लाल आहेत, थायलंडात करून घेतले होते. खेड्यातल्या पोरांना त्याची भीती वाटली असणार.

घाटाच्या वर तोंग मावशीचं दुकान आहे, दुकान म्हणजे फळी आणि फळीवर साबण, मेणबत्त्या, सुके मासे. मावशी जाडजूड आहे, आवाज नदीपलीकडे जाईल असा.

"तूच का ती बहीण? चेहरा तोच की! थांब, वर येऊ नकोस. आधी पाय धू."

मडकंभर पाणी तिने स्वतः माझ्या पायांवर ओतलं. स्वच्छ बाई दिसते.

"जेवलीस?"

"नाही."

"मग बोलू नकोस. जेव."

टोपलीभर चिकट भात, बांबूच्या कोंबांचा रस्सा, भाजलेल्या मिरचीचा ठेचा. ठेचा इतका तिखट की कानात शिट्टी वाजली. बऱ्याच दिवसांत मला कशाची चव लागली नव्हती, ही लागली.

"पुस्तकांची पेटी कुठंय?" मी विचारलं. दादाने या गावात एक पत्र्याची पेटी ठेवलीय, गावाची म्हणून. पोरांनी हवं तेव्हा उघडायची.

"विहारात आहे," मावशी म्हणाली. "अगदी नीट आहे बघ. एक पान दुमडलेलं नाही."

"पोरं वाचतात?"

"अजून भात घे," मावशी म्हणाली.

१२ ऑगस्ट

पेटी बघितली. विहारात ताडपत्रावरच्या जुन्या पोथ्यांचं कपाट आहे. त्याच्या डोक्यावर पेटी आणि पेटीत प्रत्येक पुस्तक वेगळ्या कापडात गुंडाळून पांढऱ्या दोऱ्याने बांधलेलं. वाघाला शिंका येतात ते पुस्तक, बेडकाच्या लग्नाचं, सगळी. लहान बाळांसारखी ओळीने.

इथले भंतेजी तरुण आहेत, चष्मा लावतात. म्हणाले, "गावकऱ्यांनी आणून ठेवली. जूनमध्ये." पुढे काहीतरी बोलणार होते, पण माझ्या कोटाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पाऊस थांबलाय, कोट काढला तरी चालेल." मी म्हटलं, असू दे.

मला हसूच आलं. पुस्तक म्हणजे पोथी वाटते या लोकांना. डोक्याला लावायची आणि कपाटावर ठेवायची. पोरांनी हात लावला की विटाळ. इतका मान दिला तर कोण वाचणार?

दुपारी शाळेच्या सावलीत चटई टाकून बसले. मास्तर लावणीला गेलेत. चार पोरं आली आणि लांब बसली, मध्ये एक म्हैस मावेल इतकी लांब. मी वाघाचं पुस्तक वाचलं. मी काही बरी वाचत नाही, मधे अडखळते आणि शेवट आला की आवाज पडतो. शेवटाआधीच एक बाई आली आणि चारही पोरांना घेऊन गेली. "खोकला आहे यांना," म्हणाली. चौघांनाही.

एकटीच बसून पुस्तक संपवलं. वाघ शेवटी शिंकतो.

२१ ऑगस्ट, तालुका

इतर दोन गावं बरी गेली. तिथे पोरं अंगावर येऊन पडतात, शेंबूड पुसतात कोटाला. ती यंदाच यादीत आली, दादा तिथे एकदोनदाच गेला होता म्हणे. त्याचं गाव हादसांग.

फुवोंग बाईंना सांगितलं. त्यांनी नोंदवही उघडली. मग म्हणाल्या, "पावसाळ्यातला भिक्खूंचा वर्षावास संपला की सगळ्या पेट्या तपासायच्यात. जिथे पुस्तकं उघडलीच गेली नाहीत ती पेटी उचलायची. वरच्या दोन गावांनी मागणी केलीये."

"उचला मग."

"पोरी, ती तुझ्या दादाने ठेवलेली पहिली पेटी. घाटावरून पाठीवर वाहून नेली होती त्याने."

"पेटीच आहे ना, बाई."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं तोंडाला काही लागलंय. मग त्यांनी विचारलं, हादसांग दुसऱ्या कोणाला देऊ का, तुला रस्त्यावरची सोपी गावं देते. मी नको म्हटलं. का म्हटलं कोण जाणे. त्या ठेच्यासाठी असेल.

संध्याकाळी बाजारात एक माणूस तोंडाने अकरा पक्ष्यांचे आवाज काढत होता. त्यात माझी होडी सुटायची वेळ गेली. होडी माझीच आहे, तरी गेली.

२६ ऑगस्ट, हादसांग

आज एक गंमत झाली.

पेटीतली पुस्तकं उतरवून, कापडं सोडून शाळेच्या चटईवर पसरून ठेवली. म्हटलं, मी नुसती बसते, बोलवत नाही कुणाला. बघू. खूप वेळ काही नाही. कोंबड्या आल्या. मग लुन आली. लुन म्हणजे तोंग मावशीची धाकटी, नऊ वर्षांची, पुढचे दोन दात अर्धे आलेले.

चटईच्या कडेला उकिडवी बसली, कमरेत खोचलेली बांबूची काडी काढली आणि काडीच्या टोकाने बेडकाच्या लग्नाचं पुस्तक उघडलं. वाचते, ओठ हलतात, मग काडी पानाखाली सरकवते, टुक, पान उलटतं. चांगला सराव दिसत होता.

"हाताला काय झालंय तुझ्या?"

"काही नाही."

"मग काडी कशाला?"

"आई म्हणाली, पुस्तकाला हात लावायचा नाही." पान उलटलं. "काडीबद्दल काही म्हणाली नाही."

मी हसले. आवाज निघाला हसण्याचा, माझा मलाच ओळखू आला नाही.

"हे पुस्तक मी अर्धं वाचलेलं," लुन म्हणाली. "जूनपासून ते बेडूक बोहल्यावर बसलाय."

"मग वाच की सगळं. पेटी जाणारे इथून, वर्षावासानंतर."

"कुठे?"

"दुसऱ्या गावाला. तुम्ही वाचत नाही म्हणून."

तिने काडी खाली ठेवली. "आम्ही वाचत नाही असं कोणी सांगितलं? आम्हाला वाचू देत नाहीत." तेवढ्यात मावशीची हाक आली, "लुऽऽन!", नदीपलीकडे गेली असणार. पोर काडीसकट पळाली. बेडूक अजून बोहल्यावरच.

म्हणजे मला वाटलं तेच. हात घाण असतात, पुस्तकं खराब होतील, ही भीती आहे. यावर उपाय सोपा आहे.

३ सप्टेंबर, हादसांग

केंद्रातून साबणाच्या वड्यांचं खोकं आणलं. घाटावर सगळ्या पोरांना रांगेत उभं केलं आणि भाषण दिलं. हात कसे धुवायचे, नखं कशी घासायची, मग पुस्तक धरायला कसली भीती नाही. बायका ऐकत होत्या. एकीने तोंडावर हात धरला. नायबान, म्हणजे गावचे प्रमुख, म्हणाले, "फार छान सांगितलं. फार छान." पोरांनी हात धुतले आणि साबण घेऊन घरी गेली. एकानेही पुस्तक घेतलं नाही.

एक मात्र खरं, फार स्वच्छ गाव आहे. माझ्या होडीला चुकून धक्का लागला तरी हात धुतात. मी उठून गेले की माझी बसायची जागाही धुतात.

मावशी म्हणाली, "साबण आणलास होय गं?" आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवायला गेली, मधेच थांबली. मग डोक्याऐवजी पानात मासा वाढला.

१५ सप्टेंबर, हादसांग

पुड्यांचा सण. पहाटे लोक केळीच्या पानात भात, गोड, मासा, विडी असं बांधून पुड्या जमिनीवर ठेवतात, झाडाखाली, कुंपणाशी, विहाराच्या भिंतीला. आज मेलेल्यांना सुट्टी असते, ते येऊन खातात. लहानपणी मी आणि दादा कुंपणाशी लपून बघायचो. यायची ती कुत्रीच.

मी झोपून राहिले. उठले तर उजाडून गेलं होतं, मावशीच्या ओसरीवर माझ्या उशाशी एक पुडी होती, दोरा बांधलेली. उघडली. चिकट भात, नारळ, एक केळं, एक सिगरेट. भूक होती. भात खाल्ला, केळं खाल्लं, सिगरेट ओढली.

मावशी विहारातून परत आली. रिकामं पान बघितलं.

"खाल्लीस?"

"हो. छान होती. नारळ थोडा कमी."

बरोबरची बाई काहीतरी बोलायला लागली तर मावशीने तिचा दंड धरला. मग म्हणाली, "बरं झालं खाल्लीस. उपाशी होतीस." आणि आत गेली. आतून भांड्यांचा आवाज नेहमीपेक्षा जास्त आला.

१६ सप्टेंबर

लुनने सांगितलं. लुनलाच सांगावं लागलं.

मी होडीत बसून इंजिनाचं तेल बदलत होते, ती काठावर, लांब.

"काल तू त्याची पुडी खाल्लीस."

"कुणाची?"

"तुझ्या दादाची. आईने तुला बाहेर जमिनीवर ठेवायला दिली होती. आम्हाला ठेवता येत नाही, आम्ही घरचे नाही. आता तो उपाशी राहिला."

मी तेलाचा डबा बंद केला. झाकण नीट बसत नव्हतं.

"म्हणून तर पुस्तकांना हात लावायचा नाही," लुन म्हणाली. "बुडालेल्याच्या वस्तूला हात लावला की तो ती मागायला येतो. ओलाच येतो. पुस्तकं त्याची, झोळी त्याची, ही होडी त्याची. आणि तू त्याचा कोट घालून येतेस. पहिल्या दिवशी आम्हाला वाटलं तोच आला. मोठी माणसंसुद्धा घाबरली, पण ती सांगत नाहीत."

"तू नाही घाबरत?"

"घाबरते. म्हणून काडी."

आणि मी साबण वाटत होते.

लिहून ठेवते कारण बाई म्हणाल्या लिही. राग आला का? नाही. लाज वाटली का? थोडी, साबणाची. बाकी पोटात काही नाही, म्हणजे पुडी सोडून.

दुपारी केळी भरायला ट्रक आला होता, वरच्या रस्त्याला. ड्रायव्हर म्हणाला, येतेस का. होडी तिथेच ठेवून गेले.

२५ सप्टेंबर

कुठे कुठे होते ते लिहीत बसत नाही. एका गावात होडीच्या शर्यतीची तालीम चालली होती, दोन दिवस ती बघितली. पन्नास माणसं एका तालात वल्ही मारतात आणि एकाचं चुकलं की सगळ्यांना शिव्या. एका दुकानात मोबाइल दुरुस्त करून दिले, मालकाने झोपायला पोटमाळा दिला. त्याने विचारलं, राहतेस का कामाला. राहिले असते. पावसात उभी राहून तालीम बघताना शेजारचा म्हातारा म्हणाला, "हा कोट तुला मोठा होतोय." मी म्हटलं, माझा नाही. इतकंच बोलणं झालं. आणि मी हादसांगची गाडी पकडली. होडी आणायला हवीच होती.

२७ सप्टेंबर, हादसांग

होडी होती तशीच. कोणी हात लावलेला नाही, अर्थात. आत पावसाचं पाणी साचलेलं, त्यात बेडूक.

मावशीच्या फळीसमोर उभी राहिले. "मला सांगितलं का नाही तुम्ही?"

"आधी पाय..." आणि मावशीने जीभ चावली. मग मडकं खाली ठेवलं. "कशी सांगणार? तू अशी लांबून येतेस, पोरांसाठी येतेस. तुझ्या तोंडावर सांगू, तुझ्या भावाची भीती वाटते म्हणून? माझ्या नवऱ्याने त्याला काढला पाण्यातून. चार दिवस जेवला नाही तो. तुझा दादा इथे याच फळीवर बसायचा, माझा ठेचा खाऊन रडायचा आणि पुन्हा मागायचा. आम्हाला काय तो परका होता? पण मेला तसा मेला ना गं."

"पेटी जाणारे," मी म्हटलं.

"लुनने सांगितलंय. त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाही, काडीने जेवते." मावशीने माझ्याकडे नीट बघितलं. "तू त्याच्यासाठी काय केलंस आजवर?"

"काही नाही."

"पाणी?"

"नाही."

"माणूस मरून तीन महिने झाले आणि सख्खी बहीण त्याची पुडी खाऊन वर नारळ कमी म्हणते! तो फिरणार नाही तर काय करणार? काढ आधी तो कोट."

काढला. थंडी वाजली.

परवा चिठ्ठ्यांचा सण आहे. मी विसरलेच होते, लहानपणानंतर कधी गेले नाही. प्रत्येक घर टोपली भरतं, आपल्या मेलेल्याचं नाव चिठ्ठीवर लिहून टोपलीला लावतं, भिक्खू चिठ्ठ्या उचलतात, ज्याच्या हाती जे नाव येईल ती टोपली त्याची. मेलेल्याला पुण्य पोचतं आणि वस्तू भिक्खूची होते, मेलेल्याची राहत नाही.

"पेटी ठेव टोपली म्हणून," मावशी म्हणाली. "घरच्यानेच ठेवायला लागते. आमच्याने होत नव्हतं."

"मग पोरं हात लावतील?"

"भंतेजींची झाली की कोण भितो! पण ऐक." मावशीने आवाज खाली आणला, म्हणजे फक्त घाटापर्यंत. "आपले भंते एक. खालच्या गावाहून दोन येतात. त्यातले एक म्हातारे भंते तर जे मिळेल ते होडीत घालून नेतात, मागच्या वर्षी माझी नवी चादर नेली. पेटी त्यांच्या हाती गेली तर गेली. माघारी मागायची नाही."

म्हणजे ठेवली नाही तर केंद्र उचलणार, ठेवली तर चिठ्ठीवर.

लुन फळीखालून म्हणाली, "मी चिठ्ठीला खूण करू? कोपरा दुमडते. आपल्या भंतेंना सांगते."

"भिक्खूंना फसवतेस?" मावशी ओरडली. "पुढच्या जन्मी जळू होशील!"

"जळू झाले तर वाचता येतं का?"

मावशीने तिला सुका मासा फेकून मारला. तिने झेलला, हाताने.

२९ सप्टेंबर, हादसांग

पेटी मी उचलून नेली, एकटी, कारण अजून कोणी हात लावणार नव्हतं. जड आहे. दादाने घाट चढून कशी नेली असेल कोण जाणे, तो माझ्याहून बारीक होता.

विहारात सगळं गाव, सगळ्यांच्या टोपल्या. नायबान चिठ्ठ्या वाटत होते. मला एक दिली. पेन उभं धरून बसले. मावशी म्हणाली, "पूर्ण नाव लिही, नाहीतर दुसऱ्याच कुणाला पोचेल." मी लिहिलं, खामदेंग. अक्षर वाकडं आलं. लावलं पेटीला.

मग पाणी. पितळेच्या लहान भांड्यातून ताटलीत थेंब थेंब सोडायचं आणि भंते म्हणत असतात तोवर धार तुटू द्यायची नाही. मला म्हणायचं काय ते आठवेना. धार बारीक होत गेली. मावशीने माझ्या कोपराला हात लावला. तिच्यामागच्या बाईने मावशीच्या खांद्याला, तिच्यामागे तिच्या नवऱ्याने, त्याच्यामागे आणखी कोणी. मी वळून बघितलं तर रांग दारापर्यंत गेली होती, त्या खोकलेल्या चार पोरांची आईसुद्धा होती. माझी धार तुटली नाही. ताटली भरली, ते पाणी बाहेर झाडाच्या मुळाशी ओतलं.

मग चिठ्ठ्या. पेटीची चिठ्ठी म्हाताऱ्या पाहुण्या भंतेंच्याच हाती गेली.

लुनने दोन्ही हातांनी तोंड दाबलं. मावशीने कपाळावर हात मारता मारता केस सारखे केले. मला काही वाटलं नाही असं लिहायला बसले होते, पण तसं नाही. मला उठून पेटीवर बसावंसं वाटलं.

म्हाताऱ्या भंतेंनी नाव वाचलं, पेटी उघडली, वरचं कापड सोडलं. शिंकणारा वाघ. पुस्तक डोळ्यांजवळ नेलं, लांब नेलं. "अक्षर बारीक आहे. चष्मा होडीत राहिला. कोणीतरी वाचा."

पोरांनी आयांकडे बघितलं. आयांनी तोंग मावशीकडे बघितलं.

"बघता काय?" मावशी म्हणाली. "भंतेंचं पुस्तक आहे आता. भंतेंनी सांगितलं तर वाचायला नको?"

लुन पुढे गेली. गुडघ्यांवर बसली, पुस्तक दोन्ही हातांत घेतलं आणि पोरांकडे तोंड केलं, भंतेंकडे नाही. पहिलं पान वाचलं. पान संपलं तशी तिने चार बोटं पानावर ठेवली, पोरांवरून सावकाश नजर फिरवली, एक डोळा बारीक केला आणि विचारलं, "उलटू?"

"थांब!" सगळी पोरं ओरडली.

"उलटू?"

"थांब!"

"मग वाघ बिचारा तसाच राहील. नाकात शिंक अडकून."

"उलट! उलट!"

तिने जिभेने टक् केलं आणि पान उलटलं.

दर पानाला असंच. सगळ्यांना पाठ. अगदी लहान, ज्याला चड्डी नव्हती, तोही "थांब" बरोबर जागेवर म्हणत होता. लुनचा आवाज शेवटाकडे पडत नव्हता, उलट खाली खाली जाऊन एकदम वर यायचा. वाघ शिंकला तेव्हा म्हातारे भंते इतके हसले की त्यांचं उपरणं सुटलं. बायका ओंजळीत तोंड लपवून हसत होत्या. मावशीचा नवरा हसत नव्हता, खांबाकडे तोंड करून उभा होता.

"कोणी शिकवलं असं वाचायला?" म्हाताऱ्या भंतेंनी विचारलं.

"खामदेंग दादा असंच वाचतो," लुन म्हणाली.

मी घर सोडलं तेव्हा दादाला वाचून दाखवायचं काम नव्हतं. त्याला वाचताना मी कधी ऐकलं नव्हतं. तो एक डोळा बारीक करायचा हे मला माहीत नव्हतं.

भंते निघताना आमच्या तरुण भंतेंनी पेटी उचलायला हात घातला, होडीपर्यंत पोचवायला म्हणून. म्हाताऱ्यांनी काठी आडवी धरली. "नदी चढलीय, मी म्हातारा, पेटी जड. पाणी उतरलं की न्यायला येईन. तोवर माझी पुस्तकं सांभाळा. आणि कापडात बांधून ठेवू नका रे, ओल धरते. रोज उघडायची."

"कुठल्या वर्षीचं पाणी उतरल्यावर, भंते?" मावशीने विचारलं.

"तुझी चादर फार ऊबदार आहे," ते म्हणाले आणि होडीत बसले.

फुवोंग बाईंना काय सांगायचं ते बघू. पेटी आता केंद्राची नाही, दादाची नाही. तपासायला आल्या तर त्यांनी भंतेंना विचारावं. आत्ताच वाघाच्या पुस्तकावर भाताचं बोट उठलंय.

हे मी शाळेच्या चटईवर बसून लिहितेय. पोरं पांगली. बेडकाचं लग्न एकदाचं लागलं, त्यात नवरी पळून गेली म्हणे. लुन आत्ता ते पुस्तक घेऊन आली आणि माझ्या मांडीला मांडी लावून बसली. वही बंद कर म्हणाली. मी म्हटलं, दोन ओळी राहिल्यात.

"तू त्याच्यासारखं का नाही वाचत?"

"मला येत नाही."

"म्हणून तुझं कोणी ऐकायचं नाही. नुसती भीती नव्हती काही. ठेव बोटं पानावर. चार, अंगठा नाही. आता विचार."

मी विचारलं, "उलटू?"

"असं नाही. आधी बघायचं सगळ्यांकडे."

"इथे तर तूच आहेस."

"मग माझ्याकडे बघ. नीट बघ. तो घाई नाही करत."